दिवा-रोहा गाडीतली डिग्री : नोकरी करणाऱ्या नर्सचं शिक्षण आणि एक रोह्याचं घर

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत. बाकी गोष्ट तीच आहे.

सुरुवातीला एक चित्र डोळ्यांसमोर आणा. समजा, पेणला एका दवाखान्यात एक सिस्टर आहेत. वय पस्तीस. जीएनएम झालंय, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, बारा वर्षांची नोकरी आहे. माहेर रोह्याला. नाइट ड्युटी संपवून रोह्याच्या गाडीत बसल्यात आणि मोबाइलवर जाहिरात येते : ‘नर्सेससाठी घरबसल्या बीएस्सी. सुट्टी नको, कॉलेज नको.’ खाली व्हॉट्सॲप नंबर.

सिस्टर थांबतात. कारण ही डिग्री त्यांना खरंच हवी आहे. नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायचं म्हटलं की डिग्री विचारतात. पुढे एमएस्सी करायचं तर डिग्रीशिवाय दारच उघडत नाही. शेजारच्या बेडचा पेशंट बघणारी चोवीस वर्षांची नवी सिस्टर बीएस्सी होऊन आलेली असते. तिला सलाइन कशी लावायची हे यांनीच शिकवलेलं असतं, पण कागदावर ती वरचढ.

आता प्रश्न असा, की ही जाहिरात खरी असू शकते का? नोकरी करणाऱ्या नर्सला नोकरी न सोडता डिग्री मिळते का? उत्तर ‘हो, पण’ असं आहे. त्या ‘पण’चा इतिहास साधारण ऐंशी वर्षांचा आहे आणि गंमत म्हणजे त्यातला एक महत्त्वाचा धागा थेट रोह्यात येतो.

चला, १९४६ पासून सुरू करू.

त्या वर्षी भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्यात शिकलेले आयसीएस अधिकारी. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी, हे ठरवायला १९४३ मध्ये ही समिती नेमली होती. तिनं मोजणी केली तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर होते सुमारे ४७,५०० आणि नर्सेस सुमारे ७,०००. म्हणजे साधारण ४३ हजार माणसांमागे एक नर्स. डॉक्टरांपेक्षा नर्स कमी, असा उलटा हिशोब.

आणि त्याच वर्षी, १९४६ मध्येच, देशात नर्सिंगची पदवी सुरू झाली. दोन ठिकाणी : दिल्लीचं कॉलेज ऑफ नर्सिंग, ज्याला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचं नाव मिळालं, आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. पहिल्यांदाच नर्स विद्यापीठात गेली.

इथेच दोन वाटा फुटल्या. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिली वाट जुनी होती. मुलगी हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये जायची, हॉस्टेलवर राहायची, स्टायपेंड मिळायचा आणि शिकता शिकता वॉर्डही सांभाळायची. सरळ बोलायचं तर हॉस्पिटलला कामाला माणूस मिळायचा आणि मुलीला सर्टिफिकेट. हेच आजचं जीएनएम. मुंबई इलाख्यात नर्सच्या रजिस्ट्रेशनचा कायदा १९३५ मध्ये आला. १९४७ च्या कायद्यानं इंडियन नर्सिंग कौन्सिल आली आणि अभ्यासक्रम देशभर एका चौकटीत आला. पण हे सर्टिफिकेट विद्यापीठाच्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. तीन-साडेतीन वर्षं शिका, हजारो तास वॉर्डात उभे राहा, विद्यापीठाच्या लेखी तुम्ही बारावी किंवा दहावीच.

दुसरी वाट नवी. बारावीनंतर थेट बीएस्सी, चार वर्षं.

पहिल्या वाटेनं गेलेल्यांना दुसऱ्या वाटेवर यायला पूल हवा होता. तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधला गेला. सर्टिफिकेट असलेल्या नर्सनं दोन वर्षं कॉलेजात शिकून बीएस्सी व्हायचं. याला आज आपण पोस्ट बेसिक बीएस्सी म्हणतो. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये उभं राहिलं. म्हणजे नर्सिंगची पदवी मराठी घरांच्या जरा जवळ आली.

पण हा पूल ओलांडायला दोन वर्षं पूर्ण वेळ लागत होता. आता रोह्याची सिस्टर दोन वर्षं मुंबईला कशी जाणार? पगार कोण देणार? लहान मूल कुणाकडे? आणि तिच्या वॉर्डात तिच्या जागी कोण उभं राहणार? ज्यांना संस्थेनं पगारी पाठवलं त्या गेल्या. बाकीच्या राहिल्या. राहणाऱ्या किती तरी जास्त होत्या, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

आता जरा रोह्याला जाऊ.

चिंतामणराव देशमुख हे नाव तुम्ही ऐकलं असेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नंतर देशाचे अर्थमंत्री आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, वडील रोह्यात वकील. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला ते कुलाब्यातून निवडून आले. कुलाबा म्हणजे आपला आताचा रायगड जिल्हा, नाव १९८१ मध्ये बदललं. रोह्याच्या कॉलेजला आज त्यांचं नाव आहे. त्या कॉलेजात शिकलेल्या कितीतरी मुलांनाही पुढची गोष्ट माहीत नसते.

राजीनाम्यानंतर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे अध्यक्ष झाले. मग १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. आणि त्याच १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात पत्राद्वारे पदवी शिक्षण सुरू झालं. भारतात एखाद्या विद्यापीठानं हे करण्याची ही पहिलीच वेळ. योजना डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीची होती, ती काही एकट्या देशमुखांची कल्पना नव्हती. पण ती चालू झाली ते विद्यापीठ त्या वर्षी त्यांच्या हातात होतं. पहिल्या वर्षी ९०० विद्यार्थी. पोस्टानं धडे घरी यायचे, उत्तरं पोस्टानं परत जायची. आज आपण ज्याला ऑनलाइन डिग्री म्हणतो, तिची ही आजी.

याच घरातली दुसरी व्यक्ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दुर्गाबाई देशमुख. जन्म १९०९, राजमहेंद्री. चिंतामणरावांशी लग्न १९५३ मध्ये, म्हणजे त्या अर्थानं रोह्याची सून. पण त्याआधीच त्या संविधान सभेत बसून आल्या होत्या.

दुर्गाबाईंचं पहिलं लग्न आठव्या वर्षी झालं होतं. ते त्यांनी मोडलं. शाळा लहानपणीच सुटली. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. बाहेर आल्यावर, वयानं मोठ्या झाल्यावर, घरी अभ्यास करून बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक दिली. मग पदवी, मग वकिली. म्हणजे वय उलटल्यावर, नेहमीच्या शाळेच्या बाहेरून शिकणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. १९५८ मध्ये या मंडळानं प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. ज्यांची शाळा मध्येच सुटली, अशा बायकांना दोनेक वर्षांत मॅट्रिकपर्यंत आणायचं. कशासाठी? तर शिक्षिका, ग्रामसेविका, सुईण आणि नर्स यांच्या ट्रेनिंगला त्या पात्र व्हाव्यात म्हणून. खेड्यांत नर्स हव्या होत्या, आणि नर्सिंगला घ्यायला मॅट्रिक झालेल्या बायका मिळत नव्हत्या. दुर्गाबाईंनी गाठ बरोबर जागी सोडवली.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. दिल्लीत १९४६ पासून नर्सिंगची पदवी आहे. त्याच विद्यापीठात १९६२ पासून घरबसल्या पदवीही आहे. मग या दोन्ही एकत्र का आल्या नाहीत? नर्सला पोस्टानं बीएस्सी का मिळाली नाही? त्यासाठी आणखी तीस वर्षं का गेली?

याचं उत्तर पेणमध्ये आहे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कधी गेला असाल तर आखणी करणारा माणूस बघितला असेल. मूर्तीचे डोळे काढतो तो. साचा कुणालाही मिळेल, रंग कुणालाही मिळेल. हमरापूर-जोह्याला घरटी कारखाने आहेत. पण डोळ्यांची आखणी पुस्तकातून येत नाही. शेजारी बसून, कुणीतरी हात धरून, शंभर मूर्ती बिघडवून येते. यूट्यूबवर बघून समजेल, जमणार नाही.

नर्सिंगचं तसंच आहे, फक्त इथे बिघडवायला शंभर मूर्ती मिळत नाहीत. म्हणून पत्राद्वारे आधी बीए आली. इतिहास, राज्यशास्त्र पोस्टानं शिकवता येतं. बाळंतिणीचा रक्तस्राव ओळखायला पोस्टानं शिकवता येत नाही. नर्सिंगवाल्यांची ही भीती खोटी नव्हती.

पण त्या भीतीत एक चूक होती. आपली सिस्टर कोरी पाटी नाही. बारा वर्षं ती रोज वॉर्डातच उभी आहे. तिचा हात आधीच तयार आहे. तिला हवंय ते हाताच्या मागचं शास्त्र : हे औषध का, वॉर्ड चालवायचा कसा, संशोधन वाचायचं कसं, मनोरुग्णाशी बोलायचं कसं, दुसऱ्याला शिकवायचं कसं. त्यातला मोठा भाग घरी बसून शिकता येतो. जो येत नाही, तेवढ्यासाठी तिला बोलवा.

हे भारतात प्रत्यक्षात आणलं इग्नूनं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चं, आणि त्याची नोकरीतल्या नर्सेससाठीची पोस्ट बेसिक बीएस्सी १९९० च्या दशकातली. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेनं.

यातली रचना बघण्यासारखी आहे. प्रवेश फक्त रजिस्टर्ड आणि नोकरीत असलेल्या नर्सला. बारावीनंतर जीएनएम केलं असेल तर किमान दोन वर्षांचा अनुभव, दहावीनंतर केलं असेल तर पाच. म्हणजे विद्यापीठानं पहिल्यांदा तिचा अनुभव हिशोबात धरला. कॉलेजात दोन वर्षं लागतात, इथे किमान तीन. छापील पुस्तकं घरी येतात, असाइनमेंट लिहायच्या, परीक्षा द्यायची. आणि ठरावीक दिवस नेमून दिलेल्या केंद्रावर, म्हणजे मान्यता असलेल्या नर्सिंग कॉलेजात आणि त्याच्या हॉस्पिटलात, प्रत्यक्ष हजर राहून प्रॅक्टिकल करायचं. तिथली हजेरी चुकवता येत नाही.

थोडक्यात, पुस्तक घरी येतं आणि प्रॅक्टिकलला नर्स जाते.

आता अमेरिकेकडे एक नजर टाकू, कारण ‘घरबसल्या बीएस्सी’च्या जाहिरातींची भाषा तिथूनच आली आहे. तिथेही दोन-तीन वर्षांचा डिप्लोमा किंवा छोटी पदवी करून रजिस्टर्ड नर्स होता येतं. २०१० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं अहवाल दिला : २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएस्सी असाव्यात. मग कामावरच्या नर्सेससाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पीक आलं. २०१७ च्या शेवटी न्यूयॉर्क राज्यानं तर कायदाच केला, की नव्या नर्सनं लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएस्सी पूर्ण करायची.

हा सगळा खटाटोप कागदासाठी नव्हता. २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक मोठा अभ्यास आला. युरोपातले नऊ देश, तीनशे हॉस्पिटलं, चार लाखांवर शस्त्रक्रियेचे पेशंट. जिथे पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी दिसली.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा लोक सांगत नाहीत. एका नर्सवर एक पेशंट जरी वाढला, तरी दगावण्याची शक्यता तेवढीच, सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. यातून कार्यकारण थेट सिद्ध होत नाही, हे मान्य. पण दोन्ही आकडे एकत्र वाचा. सिस्टरला शिकायला पाठवलं आणि तिच्या जागी कुणाला आणलं नाही, तर तिच्या पेशंटचा भार शेजारच्या सिस्टरवर पडतो. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं गेलं. म्हणून नोकरीतल्या नर्सची डिग्री हा फक्त तिच्या जिद्दीचा विषय नाही, ड्युटी लावणाऱ्याचाही आहे.

चला, परत गाडीत. सिस्टरांच्या मोबाइलवर ती जाहिरात अजून उघडीच आहे.

यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणातून काही विषय बाहेर ठेवलेत. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी आणि नर्सिंग त्यात येतात. इग्नूचा नोकरीतल्या नर्सेसचा अभ्यासक्रम कौन्सिलच्या मान्यतेनं चालत आलेला, तो वेगळा. तेव्हा एखादी संस्था ‘एकदाही यावं लागणार नाही, पूर्ण ऑनलाइन बीएस्सी नर्सिंग’ म्हणत असेल, तर ती जे विकते आहे ते कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये चढणार नाही. आणि रजिस्टरमध्ये न चढणारी नर्सिंगची डिग्री म्हणजे फ्रेम करून भिंतीवर लावायचा महागडा फोटो.

म्हणून घरात कुणी नर्स असेल, आई, ताई, वहिनी, बायको किंवा ब्रदर असलेला मित्र, तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, हा अभ्यासक्रम आणि ही संस्था नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? दोन, पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल ही वाढीव पात्रता माझ्या रजिस्ट्रेशनला जोडून देईल का? तीन, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, किती दिवस? तिसऱ्याचं उत्तर ‘प्रॅक्टिकलची काळजी करू नका’ असं आलं, तर नंबर ब्लॉक करा. यादी स्वतः कौन्सिलच्या वेबसाइटवर जाऊन बघायची, त्यांनी पाठवलेल्या पीडीएफवर भरवसा नको.

२०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा आलाय. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी. म्हणजे नियमांची नवी घडी बसण्याचा हा काळ आहे. आपल्यासारख्यांनी मागणी करायची असेल तर आत्ताच.

काय मागायचं? मी नर्स नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एक साधी गोष्ट शिकवतात. व्हिडिओ अडकत अडकत चालत असेल तर बघणाऱ्याला सर्व्हरजवळ राहायला जा असं सांगत नाहीत, व्हिडिओची प्रत त्याच्या जवळच्या सर्व्हरवर आणून ठेवतात. इथे गेली साठ वर्षं आपण उलटं करतोय. पुस्तक घरी पोचलं, आता तर मोबाइलवर पोचलं. प्रॅक्टिकलचं केंद्र मात्र शहरातच राहिलं आणि सिस्टर गाडीत.

सगळंच पेणला होईल असं नाही. मानसिक आरोग्याच्या प्रॅक्टिकलला मनोरुग्णालय लागतं, ते ठाण्याला किंवा रत्नागिरीला. तिथे जावं लागेलच. पण प्रसूती, बालरुग्ण, सर्जरी, गावपातळीवरचं आरोग्य? अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. समाजआरोग्य शिकायला सुधागड-रोह्याच्या आदिवासी वाड्यांपेक्षा चांगली जागा मुंबईत कुठून आणणार? शिकवणारी माणसं इथे आणा, केंद्राला मान्यता द्या, आणि सिस्टर प्रॅक्टिकलला गेल्या की त्यांच्या जागी बदली माणूस द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवं ॲप लागत नाही.

दुर्गाबाईंनी १९५८ मध्ये हेच केलं होतं. बाईला ‘तू शाळेच्या वयाची नाहीस’ म्हणून परत पाठवलं नाही. ती जिथे, ज्या वयात, ज्या घरात होती, तिथून तिला पुढे कसं न्यायचं हे बघितलं. रोह्याच्या गाडीत बसलेल्या आपल्या सिस्टरसाठी तेवढंच करायचं राहिलंय.

आजचा भाग इथेच थांबवतो. एक काम करा. हा भाग तुमच्या ओळखीच्या एका नर्सला पाठवा, आणि पाठवण्याआधी ती ड्युटीवर आहे का विचारा. नाइट असेल तर झोपू द्या, संध्याकाळी पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.